नडगीवरचा अंगठा

समोरून काकाजी येताना दिसले की आमच्या बाजारातली निम्मी माणसं पाय मागे घ्यायची. कारण काकाजी वाकायचे. साठी उलटलेला, खांद्यावर दुपट्टा टाकलेला एक सभ्य शेतकरी भररस्त्यात तुमच्यापुढे येऊन वाकतो म्हटल्यावर तुम्ही काय समजाल? पाया पडतोय! तुम्ही संकोचून "अहो, काय हे, मोठे आहात तुम्ही" म्हणत त्यांना उठवायला जाल, तोवर त्यांचा उजवा अंगठा तुमच्या नडगीवर, घोट्याच्या थोडा वर, रुतलेला असेल. काकाजी डोळे मिटून दाबून धरायचे. मग अंगठा उचलून त्या जागेकडे बघत बसायचे. खड्डा पडला नसेल तर गुडघ्यावर हात टेकत उठायचे आणि म्हणायचे, "बेस हाय. लघवी बरोबर होते ना जी?"

हा प्रश्न ते कुणालाही विचारत. एसटीच्या कंडक्टरला, शाळेच्या हेडमास्तरांना, वरातीत घोड्यावर बसलेल्या नवरदेवाला. एकोडीच्या, म्हणजे त्यांच्याच गावच्या एका लग्नात ते पंगतीत पाणी वाढत होते. नवऱ्या मुलाचे मामा, भंडाऱ्याहून आलेले, सफारी घातलेले गृहस्थ, नुकताच भाताचा घास तोंडात घालत होते. काकाजींनी त्यांच्या पेल्यात पाणी ओतलं, कानाशी वाकले आणि अगदी प्रेमाने विचारलं, "कोरोना झाला होता का तुमाले? मंग आता धार कशी हाय?" मामांच्या नाकातून भात बाहेर आला. मी समोरच्या ओळीत होतो, मी पाहिलंय.

गावाने त्यांना नाव ठेवलं होतं, पायपड्या. पोरं मागून ओरडायची. काकाजी वळून पाहायचे आणि ओरडणाऱ्याच्याच पायाकडे नजर टाकायचे. पोरं पळायची.

बायकांच्या पायाला हात लावता येत नाही, ही त्यांची मोठी अडचण होती. त्यावर त्यांनी तोड काढली होती. अंगणात उभं राहून लांबूनच विचारायचं, "बाई, जोडवे घट्ट तं नाई होऊन राहिले?" पहिल्या पहिल्यांदा शिव्या बसल्या. एका घरातून पाण्याचा गुंड, भरलेला हंडाच, अंगावर आला. पण अशाच एका बाईची जोडवी खरंच बोटांत रुतली होती. कोरोनातून उठून तिला काही महिने झाले होते, आणि सूज म्हणजे अशक्तपणा असं घरचे धरून चालले होते. काकाजींनी तिच्या नवऱ्याचं डोकं खाऊन खाऊन तिला माझ्याकडे पाठवलं. लघवीत प्रथिनं भरपूर, रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं. वेळेवर औषध सुरू झालं. आज ती बाई भाताच्या रोवण्याला जाते.

मला सगळ्यात आवडलेला प्रसंग निवडणुकीतला. एक उमेदवार हात जोडत गल्लीतून येत होता, दिसेल त्या म्हाताऱ्याच्या पाया पडत. काकाजींसमोर आला आणि वाकला. त्याच क्षणी काकाजीही वाकले. दोघांची डोकी नारळासारखी आपटली. कार्यकर्ते धावले, वाजंत्री थांबली. काकाजी एका हाताने कपाळ चोळत होते, पण दुसऱ्या हाताचा अंगठा उमेदवाराच्या नडगीवरून त्यांनी काढला नाही. खालूनच म्हणाले, "साहेब, सूज हाय. मत मंग पाहू, आंधी तपासून घ्या."

आता तुम्ही हसलात. मीही हसायचो. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव नाटकं होतात, त्यांत मी खलनायकाची कामं करतो. माणसाची लकब दिसली की उचलायची, हा माझा जुना रोग. काकाजींचं ते वाकणं मी मित्रांमध्ये हुबेहूब करून दाखवायचो आणि टाळ्या घ्यायचो. पण ती नक्कल करताना दर वेळी एका ठिकाणी माझं हसू थांबायचं. तो अंगठा मुळात ज्याच्या नडगीवर दाबला गेला होता, तो माणूस मला आठवायचा.

माझी साकोलीत छोटी लॅब आहे. रक्त, लघवी, थुंकी, जे आणाल ते तपासतो. दुसऱ्या लाटेत एका वसतिगृहात उपचार केंद्र उघडलं आणि मला तिथे बोलावलं. अंगभर पांढरा पोशाख, तोंडावर काच, आत घामाची आंघोळ. प्रत्येक बिछान्यावरचा माणूस बोटाला चिमटा लावून त्या लाल आकड्याकडे बघत बसलेला. चौऱ्याण्णव आलं की खुश, नव्वद आलं की देवाचं नाव.

एकट्या आमच्या डॉक्टरीणबाई त्या आकड्यावर समाधानी नसायच्या. वयाने लहान, आवाजाने मोठ्या. त्यांनी प्रत्येक बिछान्याखाली सलाईनची रिकामी बाटली कापून ठेवली होती, मापाच्या रेघा असलेली, वर बिछान्याचा नंबर. लघवी त्यातच करायची. म्हणायच्या, "हा आजार छातीत शिरतो ते सगळ्यांना माहीत आहे. तो गुपचूप मूत्रपिंडातही शिरतो, तिकडे कोणी बघत नाही. लघवी कमी झाली की मला त्याच दिवशी कळलं पाहिजे." रक्ताचे नमुने जिल्ह्याला जायचे आणि रिपोर्ट यायला वेळ लागायचा. तोवर भरवसा त्या बाटल्यांवर आणि माझ्या कागदी पट्ट्यांवर. पट्टी लघवीत बुडवली की तिच्यावरचे रंगीत चौकोन बदलतात. प्रथिनं असली तर पिवळ्याचा हिरवा होतो, साखर असली तर निळ्याचा तपकिरी.

शेतात, धुऱ्यावर म्हणजे बांधावर मोकळं व्हायची सवय असलेली माणसं, त्यांना बाटलीत करा म्हणजे अपमानच. सुरुवातीला बाटल्या कोरड्या आणि वसतिगृहाची मागची भिंत ओली. बाई चिडल्या. ज्याची बाटली रिकामी दिसेल त्याला नागपूरला पाठवीन, असा त्यांनी दम दिला. तो दम होता, पण वॉर्डाने तो नियम समजला. आणि त्या दिवसांत नागपूर म्हणजे काय हे मी सांगायला नको. इथून गेलेली रुग्णवाहिका परत येताना रिकामी यायची. घरच्यांना तोंडही दिसायचं नाही.

या वॉर्डात काकाजी होते, आणि त्यांच्या शेजारच्या बिछान्यावर त्यांचे व्याही. काकाजींची मुलगी त्यांच्या घरात दिलेली. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. हे इवाई उंच, मिशाळ, ताठ मानेचे. दोघेही आजारी, दोघांनाही धाप, पण मानपान सुटला नव्हता. चहा आला की काकाजी म्हणायचे, "आंधी इवाईले द्या जी." ऑक्सिजनचं सिलिंडर एकच उरलं तेव्हाही काकाजी खोकत खोकत म्हणाले, "तुमी घ्या आंधी." इवाई मानेनेच नको म्हणाले. बाई ओरडल्या, "ही काय पंगत आहे का?" अख्खा वॉर्ड हसला.

पट्ट्या मोजक्या, त्या दर चौथ्या दिवशीच पुरायच्या. अशाच एका सकाळी मी पट्ट्या बुडवत चाललो होतो. काकाजींना साखरेचा आजार, त्यांचा चौकोन नेहमीसारखा तपकिरी. पुढची बाटली इवाईंची. तोही तपकिरी, तस्साच. मला वाटलं, पट्टी तीच बुडवली की काय. नवी घेतली. पुन्हा तपकिरी. इवाईंच्या बोटाचं रक्त सकाळीच तपासलं होतं, साखर अगदी बेताची. रक्तात नाही आणि लघवीत एवढी? मी बाईंना बोलावलं.

बाईंनी इवाईंच्या अंगावरची चादर पायाकडून वर केली आणि नडगीवर अंगठा दाबला. उचलला. खड्डा पडला होता आणि तो भरत नव्हता. ओल्या मातीत बोट रुतवावं तसा तो तिथेच राहिला. मग त्यांनी डोळ्यांच्या पापण्या पाहिल्या, सुजलेल्या. बाटली मात्र भरलेली.

"बाबा, माझ्यासमोर करा," बाई म्हणाल्या.

इवाईंनी भिंतीकडे पाहिलं. शेजारी काकाजींनी तोंडावर दुपट्टा ओढून घेतला.

पडदा धरला. मी बाटली धरली. पुष्कळ वेळ गेला. शेवटी तळाशी जेमतेम थोडी आली, कोऱ्या चहाच्या रंगाची, वर फेस. पट्टीचा पिवळा चौकोन बघता बघता गडद हिरवा झाला, आणि साखरेचा चौकोन जागचा हलला नाही.

"किती दिवसांपासून हे असं चाललंय?" बाईंनी विचारलं.

दुपट्ट्याआडून आवाज आला, "त्याईले नोका बोलू, मॅडम. बाटली मी भरली. कालबी मीच, परवाबी मीच."

"का? तुम्हाला काही कळतं का काय केलंत ते?"

काकाजी उठून बसले. धाप लागली होती. म्हणाले, "मी पोरीचा बाप हाय, मॅडम. पलंग देल्ला, भांडे देल्ले, दर सणाले जावयाले कपडे देल्ले. ते सारं रीतीनं. पर या माणसानं आपल्या तोंडानं मायाजोळ कधी काई मांगतलं नाई. पहिल्यांदा मांगतलं. म्हणे, इवाई, मले नागपूरले नाई जाचं, बाटली भरून द्या. पोरीचा बाप नाई कसा म्हणल?"

वॉर्डात दोघंतिघं खुदकन हसले. मीही काचेआड हसलो असेन. बाई हसल्या नाहीत. त्या फोनकडे धावल्या.

रुग्णवाहिका आली. इवाईंना स्ट्रेचरवर घेतलं. काकाजी बिछान्याला धरून उभे राहिले. दारापाशी इवाईंनी मान वळवली, तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि म्हणाले, "काय जी इवाई, तिकडं बी येता का बाटली भराले?"

सगळे हसले. काकाजीही हसले. इवाई त्या हशातच दाराबाहेर गेले आणि मग आले नाहीत. नागपूरला त्यांना डायलिसिसच्या यंत्रावर घेतलं, पण छाती आणि मूत्रपिंडं दोन्ही एकाच वेळी हरली.

काकाजी बरे होऊन घरी गेले. त्यानंतर जी वाकण्याची लकब तुम्ही सुरुवातीला पाहिलीत, ती लागली.

माझ्या लॅबमध्ये ते आठवड्याच्या बाजाराला यायचे. कुणाला तरी हाताला धरून आणायचे, नाही तर एकटेच. बाकावर बसायचे, पाणी प्यायचे, रिपोर्ट न्यायला आलेल्यांचे पाय न्याहाळायचे. गिऱ्हाईक पांगलं की बाक सरकवत माझ्याजवळ यायचे.

"बाबू, एक विचारू?"

"विचारा, काकाजी."

"दोन दिवस आंधी समजलं असतं तं?"

मी नाटकी माणूस. मी हात हवेत फेकून म्हणायचो, "काकाजी, हा प्रश्न तुम्ही चित्रगुप्ताला विचारा, माझ्याकडे फक्त मायक्रोस्कोप आहे." ते ओठ हलवायचे, हसल्यासारखं. पुढच्या बाजारी पुन्हा तोच प्रश्न. मी म्हणायचो, त्यांचं आयुष्य तेवढंच होतं. ते म्हणायचे, "हे तं कोनीबी सांगते. तुमी शिकलेले हा, तुमी दुसरं सांगा." एकदा म्हणाले, "सपनात येते इवाई. बिछान्यावर बसून राह्यते. हातात बाटली राह्यते. काई म्हणत नाई. निसता हासते." आणि उठून त्यांनी माझ्या लॅबच्या बेसिनमधला थेंब थेंब गळणारा नळ घट्ट पिळला.

शेवटी मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या तोवर दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या होत्या. सगळं त्यांच्या लक्षात होतं. मी फोन स्पीकरवर ठेवला, समोर काकाजी.

बाई म्हणाल्या, "काका, खोटं बोलणार नाही. आधी कळलं असतं तर मी आधी पाठवलं असतं, यंत्र आधी लागलं असतं. त्यातून काही जण वाचले, काही नाही वाचले. ते कोणात गेले असते, हे मला सांगता येत नाही. पण माझ्या दमाला घाबरून तुम्ही हे केलंत, तेही मी विसरलेली नाही."

काकाजींनी फोनलाच हात जोडले. फोन बंद झाल्यावर मला म्हणाले, "नाई असं तं नाई म्हणलं मॅडमनं."

"हो असंही नाही म्हटलं, काकाजी."

"नाई असं नाई म्हणलं," ते पुन्हा म्हणाले, आणि उठून गेले.

काही दिवसांनी ते आले ते धुतलेले कपडे घालून. म्हणाले, "गाडी काढा, बाबू. पोरीच्या घरी जाचं हाय. ईनबाईले सांगून टाकतो."

मी हादरलो. विहीणबाईंना यातलं काही माहीत नसावं, असं मी समजत होतो. नवरा गेल्यापासून त्या काकाजींशी बोलत नव्हत्या. नातवाच्या बारशालाही काकाजी समोर आले तशा त्या उठून आत गेल्या होत्या. कुणीतरी वॉर्डातली अर्धीमुर्धी गोष्ट त्यांच्या कानावर घातली असणार, असं काकाजींनी धरलं होतं. आणि त्यांची मुलगी त्याच घरात नांदत होती. सासूला हे समजलं, तर उद्यापासून त्या चुलीशी मुलगी कोणत्या तोंडाने उभी राहणार?

"काकाजी, पोरीचा विचार करा," मी म्हणालो.

"तिचाच तं करून राहिलो. बाहेरून समजून तिले टोचे बसल्यापेक्षा बापाच्या तोंडून समजू दे. तुमी चाला. बाटली तुमीच धरली होती. साक्षीले तुमी पाह्यजे."

गेलो. दुपारची वेळ. विहीणबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होत्या. काकाजींना पाहून त्यांनी पदर ओढला आणि उठायला लागल्या.

"बसा ईनबाई," काकाजी म्हणाले. "येक सांगतो अन् जातो. मंग पाह्यजे तं दारात उभं नोका करू मले."

ते उभ्यानेच बोलले. काहीही गाळलं नाही. बाटली कुणाची, लघवी कुणाची, किती दिवस. मधे मला म्हणाले, "हो ना बाबू?" मी मान हलवली. दारात त्यांची मुलगी येऊन उभी राहिली होती, पोराला कडेवर घेऊन. तिचा चेहरा पांढराफटक.

विहीणबाईंचा हात मोहफुलांवरून फिरत होता. तो थांबला नाही. काकाजी बोलायचे थांबले तरी फिरत राहिला.

"मले ठावूक होतं," त्या म्हणाल्या.

"कोनं सांगतलं?"

"त्याईनंच. तिथून फोन केल्ता मले. हासून राहिले होते. म्हणे, माया इवाई मायासाठी बाटली भरते. पाय सुजले हाये म्हणून बी सांगतलं." त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं, पण काकाजींकडे नाही, माझ्याकडे, जणू साक्षीदार त्यांनाही हवा होता. "मीच म्हणलं, भरू द्या जी. काई बी करा, पर नागपूरले नोका जाऊ. मॅडमले नोका सांगू. मी म्हणलं. मी एवढी म्हणली नसती तं ते सांगून देले असते."

पोर कडेवरून खाली उतरायला बघत होतं.

"तुमाले समजल, म्हणून मी तुमच्यापुढं येत नोव्हती," त्या म्हणाल्या.

काकाजी खाली बसले. मोहफुलांच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला त्या. काकाजींची मुलगी दारातच उभी. थोड्या वेळाने काकाजींनीही हात पुढे केला आणि फुलं सारखी करायला लागले. दोघं मिळून एकेक फूल अलग करत होते आणि मी, आयुष्यभर बोलण्यावर टाळ्या घेतलेला माणूस, स्कूटरच्या किल्लीशी चाळा करत उभा होतो.

परत येताना काकाजी मागे बसले होते. एकोडीच्या अलीकडे, भातशेतीच्या बांध्या सुरू होतात तिथे त्यांनी माझ्या खांद्यावर थापटलं. "थांबवा. इथून पायी जातो."

"घरापर्यंत सोडतो की."

"नाई. तुमी जा."

काकाजी त्यानंतर बाजाराला आले नाहीत. आणि पाऊसकाळात, रोवणे चालू असताना, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत, असा निरोप आला. बाजारातली माणसं आता आपले पाय बिनघोर पुढे टाकून बसतात. मी ती नक्कल सोडून दिली आहे. मित्र म्हणतात, कर ना एकदा. माझं अंग वाकत नाही.

ते मला शेवटचे दिसले ते विहीणबाईंकडून परतलो त्या दुपारी. स्कूटरवरून उतरून ते धुऱ्यावरून चालत गेले. कापणी होऊन गेलेली, बांध्या रिकाम्या, मैलभर आडोसा नाही. थोडं पुढे जाऊन ते थांबले आणि रस्त्याकडे पाठ करून, पाय जरा फाकवून उभे राहिले. आमच्याकडे असं कुणी उभं राहिलं की रस्त्याने जाणारा नजर दुसरीकडे वळवतो. सायकलवरून एक जण गेला, त्याने वळवली. मीही वळवली. मग बराच वेळ झाला तरी ते हलेनात, म्हणून मी पाहिलं. त्यांचे दोन्ही हात तोंडावर दुपट्टा दाबून धरण्यात गुंतले होते, आणि पाठ हलत होती.